नजर लागलेलं दही

विरजणबाबानं पिंपावरचं झाकण दोन बोटांनी उचललं, आत एकदा डोकावून पाहिलं आणि तो बाजूला झाला. पुढच्या माणसानं पाहिलं, त्यानं मागच्याला सांगितलं, आणि ‘लागलं, दही लागलं’ ही बातमी डेअरीच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीपर्यंत पोचली. खिडकीच्या गजांना लोक लोंबकळत होते. शिंपी गळ्यातली टेप तशीच ठेवून आला होता. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात माखलेला होता, पण भट्टीतला पाव करपला तरी चालेल, चमत्कार चुकता कामा नये, असा त्याचा चेहरा होता.

डेअरी सांभाळणाऱ्या थोरलीनं सुरी घेऊन दह्यात उभी खुपसली. सुरी उभीच राहिली.

आठवडाभर या डेअरीत दुधाचं दही होत नव्हतं. संध्याकाळी विरजण लावावं आणि सकाळी झाकण काढावं तर दूध आपलं दूधच, फार तर तळाशी थोडा गाळ आणि वर पिवळट पाणी. थोरलीनं पिंप घासघासून घासलं, दूधवाला बदलला, खोलीत शेगडी ठेवून ऊब धरली. काही फरक नाही. शेवटी तिच्या नवऱ्यानं, म्हणजे डेअरीच्या मालकानं, कुठून तरी या बाबाला गाठून आणलं. लांब अंगरखा, पायांत वहाणा नाहीत, खांद्याला झोळी. त्यानं आदल्या संध्याकाळी दुधात चिमूटभर पांढरी पूड टाकली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, आणि आज हे असं सुरी उभी राहील असं दही.

“दूध म्हणजे काय?” बाबानं गर्दीला विचारलं. “दूध म्हणजे मन. मन विटलं की दूध विटतं. तुमच्या दुधात खोट नाही, भांड्यात नाही. कुणाचं तरी मन या पिंपात पडलंय.”

त्यानं झोळीतून तांब्याची लोटी काढली. बिघडलेल्या दुधावरचं पिवळट पाणी तिच्यात काल भरून घेतलं होतं. “मत्सर पाण्यात उतरतो. उगाच नाही म्हणत, अमका तमक्याला पाण्यात पाहतो. लोक नुसतं म्हणतात, अर्थ कुणी शोधत नाही.”

“खरंच की,” शिंपी म्हणाला. जन्मभर वापरलेल्या वाक्प्रचाराचा अर्थ आज फुकट मिळाला म्हणून तो हरखला होता.

बाबानं लोटीत बोटं बुडवली आणि ते पाणी उंबऱ्यावर, पिंपाभोवती, दही टांगायच्या फडक्यांवर शिंपडलं. “मत्सराला त्याचंच तोंड दाखवायचं असतं, म्हणजे तो फिरकत नाही. मी पैशाला शिवत नाही, फक्त पुडीचं मोल घेतो. आणि एक सांगतो.” इथं त्यानं आवाज खाली आणला. “नजर लांबून येत नाही. नजर समोरून येते.”

त्यानं बोट केलं नाही. नुसती मान वळवली. सगळ्या गर्दीच्या माना त्याच्यामागं वळल्या. रस्त्यापलीकडं, बेकरीला लागून, थोरलीची जाऊ धाकटी हिचं दह्याचं दुकान होतं, आणि धाकटी दारात उभी राहून इकडं काय गोंधळ चाललाय ते पाहत होती.

थोरलीच्या पोटात इतकं गार वाटलं की तिला स्वतःचीच शरम वाटली. पण गार वाटलं, हे खरं.

*

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. साऱ्या रस्त्याला त्यांची नावं हीच. सासूबाई गेल्या त्याआधी त्यांनी वाटण्या करून दिल्या होत्या, आणि त्या वाटण्यांत थोरलीला झुकतं माप होतं. डेअरी तिला, स्टीलची पिंपं तिला, बांधलेलं गिऱ्हाईक तिला. धाकटीच्या वाट्याला आली एक गाडी, जिच्यावर तिचा नवरा घरोघर दूध टाकायचा, आणि विरजणाचं एक जुनं मातीचं भांडं. सासूबाई त्याच भांड्यातलं विरजण रोज दुधाला लावत आणि रोजच्या दह्यातलं चमचाभर परत त्यात ठेवत. त्यांच्या सासूबाईंनीही तेच केलं होतं.

माणसाचं मन मोठं विचित्र. पदरात आलेली डेअरी थोरलीला दिसली नाही, दुसरीच्या हातात गेलेलं भांडं तेवढं दिसलं. इतकी वर्षं मी पहाटे उठून खपले, आणि शेवटी हातातलं भांडं कुणाला दिलं, तर कालच्या पोरीला. मागितलं असतं तर धाकटीनं वाटीभर विरजण हसत दिलं असतं. पण मागायचं तर तोंड उघडावं लागतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका असतात. थोरली ताकालाच गेली नाही. तिनं बाजारातून विरजणाची पाकिटं आणली. दही झटपट लागायचं, रोज सारखं लागायचं, गिऱ्हाईक तक्रार करत नव्हतं.

धाकटीनं मात्र समोर एक खोली भाड्यानं घेतली, दोन पातेल्यांत दही लावायला सुरुवात केली आणि वर्षभरात तिच्या दारात रांग लागायला लागली. तिच्या दह्याला एक आंबटगोड वास होता. लोक म्हणायचे, म्हातारीच्या हातचं आठवतं. ते ‘म्हातारीच्या हातचं’ ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रोज सकाळी ती खिडकीतून समोरची रांग बघायची. चहा गार व्हायचा. रांगेत आपलं जुनं गिऱ्हाईक दिसलं की ती मनात म्हणायची, नासू दे मेलीचं, एकदा तरी नासू दे. असं तिनं किती सकाळी म्हटलं असेल त्याला गणती नव्हती.

आणि नासलं कुणाचं, तर तिचंच.

बाबाचं दही चार दिवस छान लागलं. पाचव्या दिवशी पुन्हा दूधच. बाबा पुन्हा आला, दुसरी पूड टाकली, पुन्हा दही, पुन्हा लोटी, पुन्हा शिंपडणं. “नजर चिवट आहे,” तो म्हणाला. तोवर कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यानं आणि त्याच्या पलीकडच्यानंही बाबाला आपली जागा भारून घ्यायला बोलावलं होतं. न बिघडलेल्या दुकानांतही लोटीतलं पाणी शिंपडून आलं म्हणजे पुढचं बिघडणार नाही, असा हिशेब. आठवड्याच्या आत दोघांचंही दही लागायचं बंद झालं.

“बघा,” बेकरीवाला म्हणाला, “आता तर सगळ्यांनाच लागली.”

“सगळ्यांना नाही,” शिंपी म्हणाला. “एक सोडून.”

झालं. धाकटीचं दही रोज लागत होतं, आणि तिचं न बिघडणं हाच तिच्यावरचा पुरावा ठरला. बाबानं तिच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं, तिथलं पाणी मला सहन होत नाही म्हणाला. रांग आटली. बेकरीवाल्यानं दोन दुकानांच्या मधल्या भिंतीला कपाट लावून घेतलं. धाकट्याच्या गाडीला घरोघरची दारं उघडेनात. एके दुपारी धाकटीच्या खिडकीवर दगड आला आणि काच तिच्या ताज्या दह्याच्या पातेल्यात पडली.

थोरलीला पहिले काही दिवस अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. आनंदावर विरजण पडलं म्हणावं, तर विरजणच पडत नव्हतं. दर दोनचार दिवसांनी पिंप उलटं होत होतं, बाबा येत होता, पुड्या महाग होत होत्या. काच फुटल्याचा आवाज तिनं खिडकीतूनच ऐकला. धाकटी वाकून पातेल्यातले तुकडे वेचत होती. थोरली खिडकीतून मागं सरकली. तिला वाटलं होतं तितकं गार वाटलं नाही.

*

बाबानं जाहीर केलं, रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांनी जमायचं. जिच्या मनात मत्सर आहे तिनं आपलं विरजणाचं भांडं सगळ्यांसमोर गटारात ओतायचं आणि दुकान बंद करायचं. म्हणजे रस्ता मोकळा होईल.

शनिवारी दुपारी धाकटी डेअरीच्या मागच्या दारानं आली. थोरला जेवून झोपला होता. थोरली फडकी धूत होती.

“ताई, एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“तुम्हाला खरंच वाटतं का, मी तुमच्या दह्याला नजर लावली म्हणून?”

थोरलीनं फडकं पिळलं. “मला काय वाटायचंय? बाबा सांगतात.”

“बाबांचं नाही विचारत मी. तुमचं विचारते.” धाकटीचे डोळे कोरडे होते. रडून झालं असावं. “मी भांडं ओतीन. रोज दगड झेलण्यापेक्षा ते बरं. पण तुमच्या गळ्याची शप्पथ सांगते ताई, तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलंच नाही. खरं सांगायचं तर तुमच्या डेअरीकडं मान वर करून बघायलाही सवड नव्हती मला. पातेलं घासू की रांग सांभाळू असं व्हायचं.”

ती गेली. थोरली हातात ओलं फडकं धरून उभीच राहिली.

बघायलाही सवड नव्हती. वर्षभर इथं मी खिडकीत उभी राहून चहा गार करत होते, आणि हिला मान वर करायला सवड नव्हती. जळणाऱ्याला याहून मोठा अपमान नाही. तिची कानशिलं तापली, आणि तापलेल्या डोक्यातच एक साधा प्रश्न उभा राहिला.

नजरेनं दही नासतं म्हणतात. मग या रस्त्यावर नजर लावून कोण बसलं होतं? रोज, नेमानं, मनापासून ‘नासू दे’ कोण म्हणत होतं? मी. माझ्याइतकं त्या दह्याचं वाईट कुणी चिंतलं नसेल. मग तिचं दही का नाही नासलं? एकदा तरी? मत्सरानं विरजण मरत असतं तर समोरचं पातेलं पहिल्याच महिन्यात उलटं झालं असतं.

बाबाचं गणित चुकत होतं. आणि ते चुकतंय हे साऱ्या रस्त्यात फक्त तिलाच कळू शकत होतं, कारण जळणारी कोण हे फक्त तिलाच माहीत होतं.

तिनं हात पुसले आणि नणंदेला फोन लावला. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. थोरलीचं तिच्याशी फारसं सूत नव्हतं. शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी, माहेरी आली की सगळे तिच्याभोवती. थोरलीला तिचाही थोडा हेवा वाटायचा. पण आज दुसरं कुणी सुचेना.

“वन्सं, दही न लागायला काय काय कारणं असतात?”

नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. मग दोनच प्रश्न विचारले. “वहिनी, तू रोज एकाच जातीचं पाकीट वापरतेस ना? आणि तो बाबा बिघडलेल्या दह्याचं पाणी खोलीभर शिंपडतो?”

“हो. का?”

“दही करणारे जिवाणू असतात, माहीतच आहे तुला. तेही आजारी पडतात. त्यांना मारणारे विषाणू असतात, माणसाला काही करत नाहीत, फक्त जिवाणूंना करतात. तुझ्या पिंपात ते शिरले असणार. आणि तुझा बाबा ते हातानं पेरतोय. उद्या येते मी, सामान घेऊन. त्याच्या लोटीतलं थोडं पाणी आज मिळेल का बघ.”

पाणी मिळवणं अवघड नव्हतं. बाबा संध्याकाळी शिंपडायला आला तेव्हा थोरलीनं ओंजळ पुढं केली. “घरातही शिंपडते,” म्हणाली. बाबानं कौतुकानं वाटीभर दिलं.

*

रविवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. टेबलामागं बाबा, टेबलाखाली त्याची झोळी. पहिल्या रांगेत धाकटी मांडीवर मातीचं भांडं घेऊन बसली होती, शेजारी तिचा नवरा, खाली मान घालून. थोरला बाबाच्या पायाशी.

नणंद आली ती एक मोठी थर्मास-पेटी, काचेच्या बरण्या आणि उकळून आणलेलं दूध घेऊन.

“भांडं ओतायला माझी हरकत नाही,” तिनं सगळ्यांना सांगितलं. “फक्त त्याआधी आपण इथंच दही लावून बघू. दुपारपर्यंत लागेल. एवढे दिवस थांबलात, दुपारपर्यंत थांबा.”

“श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते,” बाबा म्हणाला.

“श्रद्धेची नाही, दह्याची घेतेय,” नणंद म्हणाली, आणि मागं कुणीतरी हसलं.

तिनं तीन बरण्यांत सारखं कोमट दूध घेतलं, तिन्हींत थोरलीच्या पाकिटातलं सारखंच विरजण घातलं. पहिलीत चमचाभर साधं उकळलेलं पाणी. दुसरीत लोटीतलं पाणी, पण आधी एका गाळणीतून गाळून. “ही गाळणी इतकी बारीक आहे की जिवाणूसुद्धा अडकतो. पार होतं ते त्याहून लहान.” तिसरीत तेच गाळलेलं पाणी, पण खळखळून उकळलेलं. प्रत्येक बरणीवर शिंप्याकडून चिठ्ठी लिहून चिकटवून घेतली, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर आळ घ्यायला नको, असं ती म्हणाली.

“आणि नजरेचं काय?” बेकरीवाल्यानं विचारलं. “मुख्य तेच राहिलं. एक बरणी ठेवा आणि हिला बघू द्या तिच्याकडं.” त्यानं धाकटीकडं हात केला.

धाकटीनं भांडं छातीशी धरलं. ती काही बोलायच्या आत थोरली उठून उभी राहिली.

“तिला कशाला त्रास देता? तिला ते जमायचं नाही. बरणी माझ्यासमोर ठेवा.”

“तू खाली बस,” थोरला पुटपुटला.

“नाही बसत. वर्षभर मी हिच्यावर जळतेय. रोज सकाळी खिडकीत उभी राहून हिचं दही नासावं म्हणून मनातल्या मनात म्हणतेय. या सभागृहात जळण्याचा सराव माझ्याइतका कुणाला नसेल.” तिनं टेबलावरच्या रिकाम्या बरणीकडं बोट केलं. “नजरेनं दही नासत असेल तर माझ्या नजरेनं नासायला हवं. ठेवा ती बरणी. धाकटीच्या भांड्यातलं विरजण घाला तिच्यात, म्हणजे मला मन लावून जळता येईल.”

धाकटी तिच्याकडं बघत होती, पहिल्यांदाच, मान वर करून. नणंदेनं मातीच्या भांड्यातलं चमचाभर विरजण चौथ्या बरणीत घातलं.

“आता बाबांची पूड,” नणंद म्हणाली. “दोन बरण्या. एकीवर बाबांनी मंत्र म्हणायचा, दुसरीवर नाही.” तिनं किटलीतून दूध ओतलं. वाफा येत होत्या. “घाला बाबा.”

बाबानं पुडी सोडली, चिमूट उचलली आणि हात आखडता घेतला. “अहो, थांबा जरा. एवढ्या ऊन दुधात घातलं तर कल्चर मरेल. बेचाळीस डिग्रीच्या खाली येऊ द्या.”

मग शिंप्यानं सावकाश विचारलं, “बाबा, काय मरेल म्हणालात?”

“म्हणजे... शक्ती.”

“शक्तीला ताप चढतो होय?”

हसण्याची एक लाट मागून पुढं आली. पहिली रांग मात्र हसली नाही. बाबानं अंगरख्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. दूध निवल्यावर त्यानं दोन्हींत पूड घातली आणि एकीवर पुटपुटला, पण त्या पुटपुटण्यात पहिल्यासारखा जोर नव्हता.

बरण्या गरम पेटीत ठेवल्या. चौथी तेवढी कोमट पाण्याच्या पातेल्यात थोरलीसमोर ठेवली. पाणी निवलं की नणंद गरम ओतायची. थोरली खुर्ची ओढून बसली आणि बघू लागली. आधी लोक चेष्टा करत होते, मग तेही दमले. तिनं जीव ओतून जळायचा प्रयत्न केला. म्हातारीचं भांडं आठवलं, रांग आठवली, जुनी गिऱ्हाइकं आठवली. जळायला काही कमी पडत नव्हतं. पोट नेहमीसारखंच दुखत होतं. दूध मात्र तिच्या दुखण्याकडं ढुंकूनही बघत नव्हतं. ते हळूहळू दाट होत होतं.

दुपारी पेटी उघडली. शिंप्यानं एकेक बरणी आडवी केली. साध्या पाण्याची: दही. बाबाच्या लोटीतल्या पाण्याची: पाण्यासारखं दूध काठाशी आलं आणि टेबलावर सांडलं. त्याच पाण्याला उकळी दिलेली: दही. पुडीच्या दोन्ही बरण्या, मंत्राची आणि बिनमंत्राची: दही, आणि दोन्हींत काडीचा फरक नाही. शेवटी थोरलीसमोरची बरणी. शिंप्यानं ती पूर्ण उलटी धरली. दही जागचं हललं नाही.

“माझी नजर पार वाया गेली,” थोरली म्हणाली. धाकटीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

“मग माझ्या डेअरीचं काय झालं ते सांगा,” कोपऱ्यावरचा डेअरीवाला पुढं आला.

“विषाणू,” नणंद म्हणाली. “जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला ऐवज आत सोडतो, आणि मग तो बिचारा जिवाणू दही करायचं सोडून विषाणूच्याच नकला करत बसतो. पोट भरलं की फुटतो. एकातून शंभर बाहेर पडतात, ते पुढच्या शंभरांना धरतात. रात्रभरात पिंपातलं विरजण साफ. हे सगळं त्या पिवळट पाण्यात शिल्लक राहतं. वहिनीकडं ते आपोआप शिरलं असेल, दुधातून, फडक्यातून, कशातून तरी. पुढं यांनी लोटीत भरून तीच पाकिटं वापरणाऱ्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर आणि पिंपाभोवती पोचवलं.”

“पण पुडीनं दही लागत होतं.”

“पुडी म्हणजे दुसऱ्या जातीचं विरजण. एका जातीचा विषाणू सहसा दुसऱ्या जातीला धरत नाही. काही दिवस छान चालतं, तोवर तिलाही धरणारा विषाणू जमतो. मग बाबा तिसरी पुडी काढतात. धंदा बंद पडायची भीतीच नाही.”

“आणि धाकटीचं?” बेकरीवाल्यानं विचारलं. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

“तिच्या भांड्यात एक जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या कितीतरी जाती एकत्र आहेत. दोनचार मेल्या तर बाकीच्या काम करतात. शिवाय बाबा तिच्या दुकानात गेले नाहीत. त्यांची लोटी तिच्याकडं पोचली नाही, हे तिचं नशीब.”

थोरल्यानं टेबलाखालची झोळी ओढून उपडी केली. विरजणाची पाकिटं पडली, तशीच जशी थोरली बाजारातून आणायची, फक्त वरची नावं खरवडून काढलेली. नणंदेनं विचारल्यावर बाबा म्हणाला, की तो पूर्वी विरजण विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस होता, डेअरी डेअरी हिंडायचा. जात बदलत राहा, भांडी धुवा, पाणी लांब फेका, असं घसा फोडून सांगायचा. कुणी ऐकायचं नाही. मग नोकरी गेली. “तेच बदलत राहा म्हणून अंगरखा घालून सांगितलं,” तो म्हणाला, “तर पायरीवर बूट काढून ऐकायला लागलात.”

हे ऐकून पुढच्या चारसहाजणांचे हात शिवशिवले. बेकरीवाल्यानं त्याची कॉलर धरली.

“सोडा त्याला,” थोरली म्हणाली. “त्याला पोलिसांत देऊ, ते त्यांचं काम. पण यानं नुसती मान वळवली होती. दगड याच्या हातचा नव्हता.”

बेकरीवाल्यानं कॉलर सोडली.

*

बाबाविरुद्ध तक्रार झाली. तिन्ही डेअऱ्यांनी पिंपं, फडकी, जमीन सगळं कडक पाण्यानं धुतलं, दह्याचं पाणी खोलीत साठवायचं बंद केलं आणि पाकिटांच्या जाती आलटून पालटून लावायला सुरुवात केली. दही लागायला लागलं. त्यात चमत्कार काही नव्हता, म्हणून बघायला कुणी आलं नाही.

धाकटीच्या दारात रांग परत आली, पूर्वीपेक्षा लांब. रांगेत शिंपीही असतो. ती त्यालाही दही देते, पण बोलत नाही. सभागृहातून बाहेर पडताना ती थोरलीपाशी थांबली होती.

“ताई, आज बोललात ते बरं केलंत. पण इतके दिवस तुम्ही गप्प होतात, ते मला विसरता यायचं नाही.”

“विसरू नकोस,” थोरली म्हणाली.

थोरलीचा मत्सर गेला का? नाही गेला. मत्सर काही कुणी फुंकर मारली म्हणून जात नाही. रांग बघून आजही तिच्या पोटात कळ येते. पण ती कळ तिची आहे, तिच्याच पोटात राहते, आणि तिच्यानं रस्ता ओलांडून कुणाचं पातेलं नासत नाही, हे तिला आता पक्कं माहीत आहे. मत्सरानं नासतं ते माणूस. दही नासतं त्याला कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्याही रस्त्यावर कधी असं दूध विटेल. मूल आजारी पडेल, धंदा बसेल, विहिरीचं पाणी आटेल. कुणीतरी येईल आणि तुमची मान हळूच शेजारणीच्या दाराकडं वळवेल. मान वळवायला सोपी असते, शेजारीण आधीच डोळ्यांत खुपत असेल तर फारच सोपी. तेवढी मान वळवू नका. दोन बरण्या घ्या, एकीत तो सांगतो ते घाला, दुसरीत घालू नका, आणि दुपारपर्यंत थांबा.